आफ्रिकेतील पाळकांसाठी अल्पकालीन प्रशिक्षण दौरे: स्वतः जावे, की पैसे पाठवावेत?

नगरचा_हिशेबनीस

नमस्कार, आणि आमच्या मंडळींना सलाम.

मी मूळचा नगरचा, सध्या नोकरीनिमित्त टेक्सासमध्ये राहतो. येथील आमच्या चर्चची एक तुकडी दर उन्हाळ्यात पूर्व युगांडातील म्बाले येथे जाते आणि आसपासच्या डोंगराळ खेड्यांतील पाळकांसाठी, म्हणजे ख्रिस्ती मंडळ्या (चर्चचे स्थानिक समुदाय) सांभाळणाऱ्या धर्मसेवकांसाठी, आठवडाभराचे प्रशिक्षण शिबिर घेते. उपदेशाची तयारी, नेतृत्व आणि मंडळीचे हिशेब असे विषय असतात. मी व्यवसायाने हिशेबनीस असल्यामुळे यंदा शेवटचा विषय मी घ्यावा, असा आग्रह चालला आहे. विमानभाड्यासह माणशी साडेतीन हजार डॉलरच्या घरात खर्च येतो आणि त्यातील बराचसा मित्रांना व नातेवाइकांना पत्रे पाठवून उभा करावा, अशी येथील रीत आहे.

माझी अडचण अशी की, मी ज्या मंडळीत वाढलो तेथे असेच पाहुणे येत असत. आम्ही हार घालायचो, मुले गीत म्हणायची, पाहुणे दुभाष्यामार्फत तासभर बोलायचे, छायाचित्रे निघायची आणि पुढच्या आठवड्यात आमचे पाळक पूर्वीसारखेच सायकल काढून वस्त्यांवर जायचे. दुसरीकडे, गरजच नाही असेही म्हणवत नाही. प्यू संशोधन केंद्राच्या अंदाजानुसार सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत १९१० मध्ये सुमारे ९० लाख ख्रिस्ती होते, ते २०१० मध्ये ५१ कोटींच्या वर गेले. इतक्या वेगाने वाढलेल्या मंडळ्यांना शिकलेले पाळक पुरणार कोठून? माझे मत सध्या 'जाऊ नये, तेवढे पैसे पाठवावेत' याकडे झुकते आहे. अनुभवी सभासदांनी ते खोडून तरी काढावे, नाहीतर पक्के तरी करावे.

खादाड_भटक्या

अवश्य जा आणि येताना सिंहाची छायाचित्रे टाका. प्रशिक्षणाचे नंतर पाहू.

ऊसवाला_जिंजा

@खादाड_भटक्या, म्बालेला सिंह नाहीत. तेथे एल्गॉन पर्वत आणि त्याच्या उतारावरची अरेबिका कॉफी आहे, तेव्हा तुमची निराशा होईल.

@नगरचा_हिशेबनीस, मी सांगली जिल्ह्यातला, घरात वारी, पण पोट साखर कारखान्यावर. गेली काही वर्षे युगांडातच जिंजाच्या बाजूला नोकरी करतो. ख्रिस्ती नसलो तरी तुमच्या प्रश्नातील मंडळी माझ्या रोजच्या ओळखीची आहेत. आमच्या बॉयलर हाऊसमधील एक फिटर रविवारी पाळक असतो. त्याच्या घरी बाहेरच्या खोलीत लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रे ओळीने लावलेली आहेत; देणाऱ्या संस्था वेगळ्या, देश वेगळे, विषय मात्र बहुतेकांवर 'नेतृत्व' हाच. दर वेळी नवे काय शिकवतात, असे मी विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, "पहिला भाग. दुसरा भाग शिकवायला कोणी परत येत नाही."

आणखी एक गोष्ट. शिबिराच्या शेवटच्या दिवशी वहीत सही घेऊन प्रवासखर्च दिला जातो, त्याला येथे सगळेच 'ट्रान्सपोर्ट रिफंड' म्हणतात. पाहुण्यांपैकी काहींना वाटते की लोक त्या पैशासाठी आणि दुपारच्या पोशो-बीन्सच्या (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि घेवड्याची उसळ) जेवणासाठीच येतात. परंतु जो माणूस दोन बोडाबोडा (भाड्याच्या मोटारसायकली) बदलून, शेत बायकोवर सोडून आठवडाभर बसतो, त्याचे भाडे देणे हा उपकार नव्हे. शिवाय अमेरिकन तुकड्या जून-जुलैत येतात, कारण तेव्हा त्यांच्या शाळांना सुट्टी असते. येथे मार्चच्या पावसावर पेरलेला मका नेमका त्याच सुमारास काढणीला येतो. ऐन सुगीत आमच्या गावी कोणी आठवड्याचे शिबिर ठेवले असते, तर आजोबांनी त्याला बांधावरूनच परत पाठवले असते.

वडाळ्याचा_पाळक

हिशेबनीस बंधू, सलाम.

तुम्ही वर्णन केलेले हार आणि गीते मीही पाहिली आहेत, तरीही तुमच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. खेड्यावरच्या पाळकाचे सर्वांत मोठे दुखणे एकटेपणाचे असते. रविवारचा उपदेश, बुधवारची प्रार्थनासभा, अंत्यविधी, भावाभावांची भांडणे हे सर्व तो एकटा निभावतो आणि त्याच्या उपदेशात काय चुकले हे सांगणारे कोणी नसते. आमच्या भागात एक परदेशी शिक्षक येत असत. ते व्यासपीठावर फारसे बोलत नसत. चार-पाच पाळकांना घेऊन पवित्र शास्त्रातील एकच पुस्तक संथपणे वाचत, प्रश्न विचारत आणि पुढच्या वर्षी येऊन तेथूनच पुढे वाचन सुरू करत. त्यांच्याकडून मी जे शिकलो, ते अजून माझ्या उपदेशात आहे. म्हणून कोणी येऊच नये, असे मी म्हणणार नाही.

पद्धत मात्र हवी. घरदार सोडून सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या निवासी महाविद्यालयात, राहणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी १९६३ मध्ये ग्वाटेमालात विस्तार-शिक्षणाची रीत सुरू झाली आणि पुढे ती आफ्रिकेत व भारतातही रुजली. विद्यार्थी घरीच राहून पाठ्यपुस्तिका सोडवतो आणि ठरावीक काळाने शिक्षक व सहविद्यार्थी एकत्र बसून त्यावर चर्चा करतात. अशा चालू अभ्यासक्रमात तुमचा आठवडा बसत असेल तर जा. बसत नसेल तर प्रमाणपत्रांच्या भिंतीवर आणखी एका चौकटीची भर पडेल, एवढेच.

रोखठोक

हे सगळे ठीक आहे, पण शेवटी उद्देश धर्मांतराचाच ना? तो शब्द कोणीच का उच्चारत नाही?

नगरचा_हिशेबनीस

@रोखठोक, ज्यांना शिकवायचे ते आधीपासूनच ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक आहेत आणि मला त्यांना रोजकीर्द लिहायला शिकवायची आहे. कीर्दीच्या वहीने कोणाचे धर्मांतर झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

संपादक

धर्मांतरावरील चर्चेसाठी स्वतंत्र धागे आहेत. येथे पाळकांच्या प्रशिक्षणाविषयीच लिहावे.

आकडेमोड

धागाकर्त्याच्या मूळ मताला आधार देणारी एक गोष्ट नोंदवतो. १९९८ मध्ये मिच चक्रीवादळाने होंडुरासची धूळधाण केली, त्यानंतर उत्तर अमेरिकेतील अनेक चर्चच्या तुकड्या तेथे घरे बांधायला गेल्या. समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हेर बीक यांनी त्याचा अभ्यास केला. प्रवासखर्च धरून पाहुण्यांनी बांधलेले घर सुमारे ३०,००० डॉलरला पडत होते, तर स्थानिक ख्रिस्ती संस्था तसेच घर सुमारे २,००० डॉलरमध्ये बांधत होत्या. दौऱ्यावरून परतलेल्यांच्या देणग्या, प्रार्थना, सहभाग यांतही टिकाऊ फरक फारसा दिसला नाही. 'जाणाऱ्याचे जीवन बदलते' हा युक्तिवाद त्यामुळे लंगडा पडतो. साडेतीन हजार डॉलरमध्ये म्बालेच्या एखाद्या पाळकाचे शिक्षण कितीतरी पुढे जाईल.

शुभदा_लेस्टर

@आकडेमोड, वीट कोणीही रचली तरी वीटच असते. शिकवण्याचे तसे नाही, त्यामुळे घराचा हिशेब येथे जसाच्या तसा लावता येणार नाही.

दुसरे म्हणजे, 'पैसे पाठवा' हे वाटते तितके निरुपद्रवी नाही. मी येथील एका छोट्या धर्मादाय न्यासाचे कागद पाहते आणि पूर्व आफ्रिकेतून येणारे अर्ज वाचते. ज्याला उत्तम इंग्रजीत अहवाल लिहिता येतो, ज्याच्याजवळ चांगला फोन आहे आणि ज्याची एखाद्या परदेशी पाहुण्याशी ओळख झालेली आहे, त्याच्याकडे पैसा जातो. डोंगरावरचा पाळक, जो केवळ लुमासाबा बोलतो, तो त्या यादीत कधीच येत नाही. शिवाय परदेशातून आलेला पैसा एका पाळकाच्या नावावर पडू लागला की त्याची मंडळी दानपेटीत नाणे टाकणे बंद करते, कारण 'त्याला बाहेरून मिळते' हे सर्वांना ठाऊक होते. जाणाऱ्याने निदान डोळ्यांनी पाहिलेले असते. तेव्हा प्रश्न जावे की पाठवावे असा नसून, तेथे ठरवणारा कोण आहे, असा आहे.

पानवेल_वसई

आम्ही कॅथलिक असल्यामुळे हा वाद थोडा दुरून पाहतो. आमच्याकडे धर्मगुरू होण्यासाठी तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून सात-आठ वर्षे सेमिनरीत काढावी लागतात, त्यामुळे आठवड्यात पाळक घडवण्याची कल्पनाच आम्हांला अचंब्याची वाटते. युगांडातच पाहायचे तर पहिले दोन स्थानिक धर्मगुरू १९१३ मध्ये दीक्षित झाले आणि १९३९ मध्ये जोसेफ किवानुका मसाकाचे बिशप झाले, तेव्हा त्या धर्मप्रांताचा कारभार आफ्रिकी धर्मगुरूंकडे सोपवला गेला. म्हणजे रोम घाई करत नाही, पण माणूस तयार केल्यावर किल्ल्याही देते.

वडाळ्याचा_पाळक

@पानवेल_वसई, सलाम. किल्ल्या दिल्या हे मान्य. परंतु आफ्रिकेतील तुमच्या एका पॅरिशखाली कितीतरी उपकेंद्रे असतात आणि धर्मगुरू तेथे काही आठवड्यांनी एकदा पोहोचतो. मधल्या रविवारी प्रार्थना चालवतो तो कॅटेकिस्ट, म्हणजे दीक्षा न घेतलेला धर्मशिक्षक. त्याला सात वर्षे कोणी दिली?

पानवेल_वसई

बाण बरोबर लागला. कॅटेकिस्टांचे प्रशिक्षणही थोड्या मुदतीचेच असते. फरक इतकाच की ते तेथलाच धर्मप्रांत घेतो आणि शिकवणारा पुढच्या महिन्यातही त्याच भागात असतो.

गोदाकाठ

या चर्चेत नाशिकचा उल्लेख अजून झाला नाही, याचे आश्चर्य वाटते. आफ्रिकी धर्मसेवकांच्या प्रशिक्षणाचा एक जुना अध्याय आपल्या शरणपुरात घडला आहे.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश नौदल अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते पकडत असे आणि सुटका झालेल्या मुलांपैकी बरीच मुंबईत उतरवली जात. त्यांतील अनेकांना चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर येथे ठेवले. तेथे त्यांना सुतारकाम, लोहारकाम, अक्षरओळख आणि धर्मशिक्षण मिळाले. त्यांपैकी जेकब वेनराइट १८७२ मध्ये आफ्रिकेत फिरणारा शोधक-मिशनरी लिव्हिंग्स्टन याच्यासाठी पाठवलेल्या मदत तुकडीत गेला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा चितांबो नावाच्या सरदाराच्या गावी प्रार्थना त्यानेच वाचली, झाडावर नाव त्यानेच कोरले आणि पुढे वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदाही दिला.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची माणसे वेगळी आहेत. शरणपूरचे काम पाहणारे विल्यम सॉल्टर प्राइस हेच १८७४-७५ मध्ये मोंबासाला गेले आणि त्यांनी मुक्त गुलामांसाठी फ्रेअरटाउन वसवले. हे नाव मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांच्यावरून पडले. प्राइसच्या आधीपासून तेथे 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणून ओळखली जाणारी, शरणपुरात शिकून आफ्रिकेत परतलेली माणसे काम करत होती: जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर. मोंबासाच्या पाठीमागे रबाई येथील मंडळी मुख्यतः यांनी सांभाळली. जोन्स आणि सेमलर यांना बिशप हॅनिंग्टन यांनी १८८५ मध्ये डीकन (पूर्ण धर्मगुरूच्या खालची पायरी) म्हणून दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाकडे निघाले, जोन्स त्यांच्याबरोबर होता. बिशप थोडी माणसे घेऊन पुढे गेले आणि बुसोगात, म्हणजे @ऊसवाला_जिंजा यांच्या आजच्या मुलखात, मारले गेले. मागे राहिलेला तांडा जोन्सने किनाऱ्यापर्यंत परत आणला.

१९०३ मध्ये फ्रेअरटाउनलाच धर्मशिक्षणाची शाळा निघाली. ती १९३० मध्ये लिमुरूला हलली आणि आज सेंट पॉल्स विद्यापीठ म्हणून नांदते आहे. ही माणसे कोणत्याही शिबिराने घडली नाहीत. त्यांना वर्षे मिळाली, हाताला काम मिळाले आणि मग एक मंडळी मिळाली, जी सोडून ती परत जाणार नव्हती. अर्थात जे लहानपणी पळवले गेले होते, त्यांच्या वाट्याला ही संथ शाळा कोणत्या किमतीवर आली, हेही विसरता येत नाही.

खादाड_भटक्या

म्हणजे शरणपूर रोडवर मिसळ खाताना मी इतिहासाच्या डोक्यावर बसलो होतो. सिंहाची मागणी मागे घेतो.

अपर्णा_पुणे

@गोदाकाठ यांनी सुंदर माहिती दिली, पण ती कथा गोड करून संपवू नये. ज्या चर्च मिशनरी सोसायटीने जोन्सला दीक्षा दिली, तिचेच सचिव हेन्री व्हेन यांनी स्थानिक मंडळी स्वशासित, स्वावलंबी आणि स्वतः प्रसार करणारी व्हावी, असे तत्त्व मांडले होते. त्याच धोरणातून १८६४ मध्ये आजच्या नायजेरियातील सॅम्युएल अजायी क्राउदर हे बिशप झाले. तेही लहानपणी गुलाम म्हणून विकले गेलेले, सिएरा लिओनमधील फूरा बे कॉलेजचे पहिले विद्यार्थी आणि योरुबा भाषांतराचे कर्ते. पुढे १८९० च्या सुमारास इंग्लंडहून आलेल्या तरुण मिशनऱ्यांनी त्यांच्या नायजर मिशनची चौकशी आरंभली, त्यांच्या धर्मसेवकांना निलंबित केले आणि वृद्ध बिशपांचा पदोपदी अपमान केला. क्राउदर १८९१ च्या अखेरीस वारले आणि त्यांच्या जागी युरोपीय बिशप नेमला गेला.

'प्रशिक्षण' देणारा परीक्षकही होऊन बसतो, ही भीती तेव्हापासूनची आहे. १९७१ मध्ये केनियाचे प्रेस्बिटेरियन नेते जॉन गातू यांनी परदेशी मिशनरी निदान पाच वर्षांसाठी परत बोलवावेत, असे जाहीरपणे सुचवले, त्यामागे हीच वेदना होती. टेक्सासच्या तुकडीत किती जणांना गातूंचे नाव ठाऊक आहे?

वडाळ्याचा_पाळक

अपर्णाताई, आपल्याकडे १९१७ मध्ये ना. वा. टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात मिशनपासून स्वतंत्र असा 'देवाचा दरबार' मांडला, तो याच जातीचा निर्णय होता.

कायद्याचे_बोला

एक व्यवहारी बाजू राहून गेली आहे. रवांडात २०१८ च्या कायद्याने धर्मसंस्था चालवणाऱ्यांना धर्मशास्त्राची पदवी बंधनकारक केली आणि त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली. त्या वर्षी आणि पुन्हा २०२४ मध्ये हजारो प्रार्थनास्थळे बंद करण्यात आली. इमारतीची सुरक्षितता, स्वच्छतागृहे, आवाज हेही निकष होते, पण शिक्षण हा मोठा मुद्दा होता. केनियात २०२३ मध्ये शाकाहोला जंगलातून ४०० हून अधिक मृतदेह उकरून काढण्यात आले. उपाशी राहिल्यास ख्रिस्ताची भेट होईल, असे अनुयायांना सांगितल्याचा आरोप ज्याच्यावर आहे, तो उपदेशक पूर्वी टॅक्सी चालवत असे. त्यानंतर तेथेही नियमनाची मागणी जोर धरू लागली.

अशा वातावरणात, शासनमान्य संस्थेत ज्याला श्रेयांक मिळत नाही, अशा आठवड्याच्या प्रमाणपत्राचा पाळकाला कागदोपत्री उपयोग शून्य. उलट ते दाखवून कोणी स्वतःला 'प्रशिक्षित' म्हणवू लागला तर हानीच. जाणाऱ्यांनी यजमानांना पहिला प्रश्न हाच विचारावा की, हे शिबिर तुमच्या कोणत्या कॉलेजच्या अभ्यासक्रमात मोजले जाईल. आणि हो, पर्यटक व्हिसावर शिकवणे चालते का, हेही. केनियात धर्मकार्यासाठी परवान्याचा वेगळा वर्ग आहे. युगांडाचा नियम त्यांच्या वकिलातीकडूनच विचारून घ्यावा.

ऊसवाला_जिंजा

हा धागा वाचून काल मी आमच्या फिटरलाच विचारले की, एखादा हिशेबनीस आला तर तुला काय शिकायला आवडेल. मला वाटले होते की तो दानपेटी म्हणेल. तो म्हणाला, जमीन.

त्याचे असे झाले: त्यांच्या शेजारच्या एका मंडळीने पैसे जमवून जागा घेतली, पण कागद पाळकाच्या नावावर केला, कारण मंडळीची विश्वस्त म्हणून नोंदणीच नव्हती. पाळक वारला. त्याच्या मुलांनी प्रार्थनाघराच्या भिंतीपर्यंत कसावा लावला आणि आता मंडळी आंब्याच्या झाडाखाली भरते. दुसरी अडचण त्याने सांगितली ती विधवांची. नवऱ्याच्या अंत्यविधीला जमलेले भाऊबंद त्याच दिवशी भांडीकुंडी उचलू लागतात आणि पाळकाने मध्ये पडावे अशी ती बाई अपेक्षा करते. कायदा तिच्या बाजूने काय म्हणतो, हे त्याला कोणीच शिकवले नाही. म्बालेच्या बगिसू लोकांत तर सम वर्षी इम्बालू, म्हणजे मुलग्यांच्या सुंतेचा मोठा सोहळा असतो. त्यातील नाच, पूर्वजांचे विधी, बिअर यांपैकी ख्रिस्ती कुटुंबाने काय करावे आणि काय टाळावे, यावर पाळकाला दारोदार उत्तरे द्यावी लागतात. अमेरिकेच्या 'नेतृत्व' पुस्तिकेत यांपैकी एकही प्रकरण नसते.

शुभदा_लेस्टर

जमिनीचा कागद! अर्ज वाचताना मला हे कधी कोणी लिहिलेले दिसले नाही, कारण आमच्या छापील अर्जात त्याला रकानाच नाही.

आकडेमोड

@ऊसवाला_जिंजा, मग त्यासाठी कंपालाचा एखादा वकील दोन दिवसांसाठी न्यावा. टेक्सासहून माणूस कशाला?

नगरचा_हिशेबनीस

सर्वांचे मनापासून आभार. @आकडेमोड यांचा शेवटचा प्रश्न मला सर्वांत जास्त टोचला आणि त्याचे उत्तर मी यजमानांकडेच मागितले. म्बालेच्या बाजूला त्यांच्या संघटनेचे एक छोटे बायबल कॉलेज विस्तार-शिक्षणाचा वर्ग चालवते, असे त्यातून कळले. आमच्या तुकडीने आजवर त्यांच्याशी संपर्कच साधला नव्हता, कारण शिबिर परस्पर एका पाळकामार्फत ठरत असे. तेथील प्राचार्यांनी मला विनम्रपणे पण स्पष्ट लिहिले आहे: जून नको, मका काढून झाल्यावर या, नोंदणी आणि जमिनीचा भाग आमचा वकील शिकवील, तुम्ही वहीचा भाग शिकवा, मात्र आमच्या शिक्षकाबरोबर बसून, म्हणजे पुढच्या तुकडीला तो एकटा शिकवू शकेल, आणि हे सलग दोन वर्षे करणार असाल तरच तिकीट काढा.

आमच्या तुकडीच्या प्रमुखांना हे फारसे रुचलेले नाही, कारण जूनच्या तारखा आणि टी-शर्ट दोन्ही छापून झाले आहेत. मी जूनच्या तुकडीतून नाव काढले असून प्राचार्यांच्या अटी स्वीकारल्या आहेत. पत्रे पाठवून पैसे मागणार नाही. भाडे माझे मी भरीन आणि वकिलाच्या मानधनासाठी मात्र मंडळीत शब्द टाकीन.

एक शंका राहिली. परतताना मुंबईमार्गे नगरला आईकडे जायचे आहे. पिवळ्या तापाच्या लशीचे कोणी सांगेल का?

ऊसवाला_जिंजा

युगांडात प्रवेशासाठी लशीचे प्रमाणपत्र, म्हणजे ते पिवळे कार्ड, लागतेच, आणि युगांडाहून भारतात उतरतानाही दाखवावे लागते. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होते आणि २०१६ पासून ते आजन्म चालते. कार्ड नसेल तर मुंबईला विलगीकरणात बसवतात, त्यामुळे ते सामानात न टाकता पासपोर्टबरोबर हातात ठेवा. म्बालेला जाताना जिंजा वाटेवरच आहे. मुक्कामाला घरी या, फिटरशीही गाठ घालून देतो.

खादाड_भटक्या

आणि टी-शर्टाचे काय करणार आहात?